दिवाणखान्यात कोण बसलंय, दारात कोण उभं आहे: एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी घराची चित्रं कशी पाहावीत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या पावणेचार लाख प्रतिमा सगळ्या जगाला मोफत वापरायला दिल्या. तेव्हापासून जुन्या अमेरिकी घरांची चित्रं मोबाइलच्या वॉलपेपरवर, दिनदर्शिकांवर, शुभेच्छापत्रांवर सारखी दिसू लागली आहेत. शेकोटीजवळ पेपर वाचणारे आजोबा, विणकाम करणारी आजी, गालिच्यावर खेळणारी मुलं. बघायला छान वाटतं, पण प्रश्नही पडतो. यात एवढं काय आहे? लढाई नाही, देवदेवता नाहीत, राजे नाहीत. मग ही चित्रं म्युझियमच्या भिंतीवर कशासाठी?

कारण या खोल्यांमध्ये त्या काळातल्या अमेरिकेचे सगळे मोठे वाद शिरलेले आहेत. गुलामी, यादवी युद्ध, पैसा, बायकांचं काम, परदेशातून आलेले नोकर, सारं काही. फक्त ते समोर मांडलेलं नाही. कोणाला खुर्ची मिळाली, उजेड कोणाच्या तोंडावर पडला, दारात कोण थांबलं, एवढ्यावरून ते ओळखावं लागतं. एकदा सवय झाली की ही चित्रं सोडवत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी

चित्रकलेत साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याच्या चित्राला ‘जॉनर पेंटिंग’ म्हणतात. इथे आपण त्यातली घराच्या आतली चित्रं पाहतोय, म्हणून पुढे नुसतं ‘घराचं चित्र’ म्हणू.

अमेरिकेत अशी चित्रं शतकाच्या सुरुवातीलाच दिसतात. जर्मनीत जन्मलेले आणि १८०९ मध्ये फिलाडेल्फियाला आलेले जॉन लुईस क्रिमेल यांचं ‘क्विल्टिंग फ्रॉलिक’ १८१३ चं आहे. गोधडी शिवून झाली आहे आणि खोलीत पाहुणे शिरताहेत. फिडल वाजवणारा कृष्णवर्णीय आहे, चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगीही कृष्णवर्णीय आहे. म्हणजे कोण पाहुणा आणि कोण सेवेला, ही मांडणी पहिल्यापासून चित्रात आहे.

या चित्रांना गिऱ्हाईक मिळालं ते शतकाच्या मध्यावर. कारखाने आणि कचेऱ्या वाढल्या, शहरातल्या मध्यमवर्गात पुरुषाचं काम घराबाहेर गेलं आणि घर हे बाईचं क्षेत्र, पावित्र्याची जागा, असा विचार जोर धरू लागला. कॅथरीन बीचर यांनी १८४१ मध्ये घर कसं चालवावं याचं सविस्तर मार्गदर्शन छापलं, तेही याच वातावरणात. दुसरीकडे न्यूयॉर्कची अमेरिकन आर्ट-युनियन ही संस्था वर्षाला ५ डॉलर वर्गणी घेई. त्याबदल्यात प्रत्येक सभासदाला एका चित्राची छापील प्रत मिळे आणि मूळ चित्रं सोडत काढून वाटली जात. १८४९ मध्ये तिचे जवळपास १९,००० सभासद होते. १८५२ मध्ये न्यायालयाने ही सोडत म्हणजे बेकायदा लॉटरी ठरवली आणि संस्था बंद पडली. पण तोवर हजारो दिवाणखान्यांत अशी चित्रं टांगली गेली होती. विकत घेणारा आणि चित्रात दिसणारा बहुतेकदा एकाच वर्गातला होता. ही गोष्ट पुढचं सगळं समजायला उपयोगी पडते.

एक चित्र नीट पाहू: ‘द हॅच फॅमिली’

ईस्टमन जॉन्सन (१८२४–१९०६) हे या प्रकारातलं सर्वांत महत्त्वाचं नाव. वॉल स्ट्रीटवरचे दलाल आल्फ्रेडरिक स्मिथ हॅच यांनी त्यांच्याकडून १८७०–७१ मध्ये आपल्या कुटुंबाचं चित्र काढून घेतलं. मोठा कॅनव्हास आहे, सुमारे १२२ सेंटिमीटर उंच आणि १८६ सेंटिमीटर रुंद. न्यूयॉर्कमध्ये पार्क ॲव्हेन्यू आणि ३७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं घर, त्यातली ग्रंथसंग्रहाची खोली, आणि तीन पिढ्यांची १५ माणसं.

आता मांडणी पाहा. कर्ते हॅच मध्यभागी नाहीत, ते उजवीकडे आपल्या टेबलाशी आहेत. त्यांचे वडील वर्तमानपत्रात गुंतलेत, सासूबाईंच्या हातात विणकाम आहे. मुलं मधल्या जागेत पसरली आहेत. कोणी मुद्दाम ओळीत उभं नाही, त्यामुळे आपण अचानक दार उघडून आत आलो असं वाटतं. पण १५ माणसं एका खोलीत, एकाचा चेहरा दुसऱ्याने न झाकता, सहज बसलेली कधीच सापडत नाहीत. पाहुणे येणार म्हणून आवरलेल्या दिवाणखान्यासारखी ही सहजता आहे: घर तेच, पण प्रत्येक वस्तू कोणीतरी विचार करून ठेवलेली.

अशा चित्राचं तंत्रही समजून घ्यायला हवं. एवढी माणसं, त्यातही लहान मुलं, एका वेळी तासन्‌तास बसवता येत नाहीत. म्हणून अशा गटचित्रात साधारणपणे आधी खोलीचा आराखडा ठरतो, मग एकेकाला वेगळं बसवून चेहऱ्याचा अभ्यास होतो आणि नंतर सगळे एका कॅनव्हासवर आणले जातात. इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. मागच्या माणसाचं डोकं पुढच्यापेक्षा मोठं होतं, कारण अभ्यास वेगवेगळ्या अंतरावरून केलेले असतात. एकाच्या डाव्या गालावर उजेड आणि शेजारच्याच्या उजव्या, कारण बैठका वेगवेगळ्या वेळी झालेल्या असतात. आणि नजरा जुळत नाहीत. दोघं बोलताहेत असं दाखवायचं असतं, पण प्रत्येक जण तिसरीकडेच बघत असतो. जॉन्सन यांचं कसब असं की त्यांनी माणसांचे छोटे छोटे गट केले, प्रत्येक गटाला आपलं आपलं काम दिलं आणि सगळ्यांना त्या काळोख्या, जड पडद्यांच्या खोलीच्या एकाच तपकिरी-लाल रंगछटेत बांधून टाकलं.

हे स्थैर्य किती टिकलं? सप्टेंबर १८७३ च्या आर्थिक घबराटीत हॅच यांच्या ‘फिस्क अँड हॅच’ या पेढीला व्यवहार थांबवावे लागले. चित्र पूर्ण होऊन दोनच वर्षं झाली होती. चित्रातली भरभक्कम लाकडी कपाटं पुन्हा पाहिली की ती खोली नुसती ऐट न राहता आश्वासनही वाटू लागते, स्वतःला दिलेलं.

ही चित्रं एवढी काळोखी का?

याची दोन कारणं आहेत, आणि ती वेगळी ठेवायला हवीत.

पहिलं, खोल्या खरोखरच अंधाऱ्या होत्या. शहरातली घरं अरुंद आणि खोल, उजेड पुढच्या आणि मागच्या खिडकीतूनच येणार, आणि त्यावर जाड पडदे. दिवे म्हणजे आधी व्हेल माशाचं तेल, मग शहरात गॅस, आणि १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला खनिज तेलाची विहीर लागल्यानंतर स्वस्त रॉकेल. त्यामुळे चित्रकार खोलीचा मोठा भाग सावलीत सोडतो आणि दोन-तीन जागाच उजळतो. त्या उजळ जागा म्हणजे त्याचा मुद्दा.

दुसरं कारण रासायनिक आहे. वरचं नैसर्गिक राळेचं वॉर्निश काळानुसार पिवळं पडतं. मग पांढरा टेबलक्लॉथ पिवळट दिसतो आणि निळा गालिचा हिरवट. शिवाय त्या काळातले अनेक चित्रकार सावल्यांसाठी बिट्युमेन, म्हणजे डांबराच्या जातीचा तपकिरी रंग, वापरत. ताजा असताना तो पारदर्शक आणि उबदार दिसतो. पण तो पुरता सुकतच नाही. त्यावर लवकर सुकणारा थर दिला की खालचा सरकतो, वरचा फाटतो आणि रुंद भेगा पडतात. म्युझियममध्ये एखाद्या चित्राच्या काळ्या भागात अशा भेगा दिसल्या तर हा संशय धरायला हरकत नाही. वॉर्निश काढून नवं देता येतं, बिट्युमेनचं नुकसान मात्र भरून येत नाही.

उजेडाचा सर्वांत सुंदर उपयोग पाहायचा तर हेन्री ओसावा टॅनर यांचं ‘द बॅन्जो लेसन’ (१८९३) पाहा. टॅनर कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार, फिलाडेल्फियात थॉमस ईकिन्स यांच्याकडे शिकलेले आणि पुढे पॅरिसला गेलेले. साध्या झोपडीत आजोबांच्या मांडीशी टेकून नातू बॅन्जो शिकतोय. डावीकडून बाहेरचा थंड, निळसर पांढरा उजेड येतो आणि उजवीकडून चुलीचा केशरी. दोन्ही उजेड त्या दोघांवर एकत्र येतात. तांत्रिकदृष्ट्या हे फार अवघड आहे, कारण त्वचेच्या एकाच रंगाला दोन बाजूंनी दोन वेगळे रंग द्यायचे आणि तरी चेहरा एकसंध ठेवायचा. त्या काळात बॅन्जो वाजवणारा कृष्णवर्णीय हे रंगमंचावरच्या टवाळीचं ठरलेलं पात्र होतं. टॅनर यांनी तेच वाद्य घेतलं आणि त्यातून शिकवणं दाखवलं: एकाग्रता, धीर, पिढ्यांमधला विश्वास. एकही चेहरा आपल्याकडे बघून हसत नाही. मला हे त्या शतकातलं सर्वांत मोठं घराचं चित्र वाटतं.

दारात कोण उभं आहे?

कोणत्याही घराच्या चित्रात आधी मध्यभाग सोडून कडा बघाव्यात.

रिचर्ड केटन वुडव्हिल यांच्या ‘ओल्ड सेव्हन्टी-सिक्स अँड यंग फॉर्टी-एट’ (१८४९) मध्ये मेक्सिकोच्या युद्धातून परतलेला तरुण सैनिक आपल्या आजोबांना हकिगत सांगतोय. आजोबा १७७६ च्या स्वातंत्र्ययुद्धातले. टेबल, आईवडील, जिव्हाळा, सगळं आहे. आणि दारात कृष्णवर्णीय नोकर उभे राहून ऐकताहेत. वुडव्हिल बाल्टिमोरचे, आणि मेरिलँड राज्यात तेव्हा गुलामी कायदेशीर होती. मेक्सिकोकडून मिळालेल्या नव्या मुलखात गुलामीला परवानगी द्यायची की नाही, यावर त्याच सुमारास देशभर भांडण पेटलेलं होतं. म्हणजे टेबलावरच्या गप्पांचा परिणाम ज्यांच्या आयुष्यावर होणार, ते उंबऱ्यावर उभे आहेत.

जॉन्सन यांचं ‘ख्रिसमस-टाइम, द ब्लॉजेट फॅमिली’ १८६४ चं. यादवी युद्ध चालू आहे. विल्यम ब्लॉजेट गुलामीविरोधी आणि पुढे मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संस्थापकांपैकी एक. सजवलेल्या खोलीत आईवडील मुलांचा खेळ बघताहेत. मुलाच्या हातातलं खेळणं नीट पाहा. सांध्यात हलणारा, नाचणारा कृष्णवर्णीय बाहुला. गुलामीविरोधी घरातसुद्धा हे खेळणं कोणाला खटकलं नाही. जॉन्सन यांनी ते टीकेसाठी ठेवलं की समोर दिसलं म्हणून रंगवलं, हे चित्रावरून ठरवता येत नाही. पण खोलीतला तणाव त्या खेळण्यातच आहे.

याच जॉन्सन यांनी १८६३ मध्ये, गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेच्या वर्षी, ‘द लॉर्ड इज माय शेफर्ड’ काढलं होतं. उंचीला जेमतेम १७ इंच. अंधाऱ्या घरात, चुलीशेजारी एक कृष्णवर्णीय माणूस बायबल वाचतोय. शीर्षकातली ओळ स्तोत्रांमधली आहे आणि स्तोत्रं पुस्तकाच्या साधारण मध्यावर येतात. चित्रातलं पुस्तक मात्र सुरुवातीच्या पानांवर उघडलेलं आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा तिथे येते. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे इथे नुसतं वाचत बसणं हीच मोठी घटना आहे.

विन्सलो होमर यांचं ‘अ व्हिजिट फ्रॉम द ओल्ड मिस्ट्रेस’ (१८७६) तर एका खुर्चीवर उभं आहे. पूर्वीची गोरी मालकीण आपल्या जुन्या गुलाम बायकांच्या झोपडीत आली आहे. एक बाई बसलेली आहे आणि ती उठत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी हे अशक्य होतं. मालकीण आणि त्या बायका यांच्यामध्ये होमर यांनी जी मोकळी जागा सोडली आहे, ती भरून काढणारं कोणतंही सामान खोलीत नाही.

‘एवढंच होतं तर फोटो का नाही काढले?’

फोटो १८३९ पासून होते, पण घरातल्या कमी उजेडात फोटो उमटायला फार वेळ लागे आणि मूल हललं की धूसर. मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर १८८७ च्या सुमारास आली. पत्रकार जेकब रीस यांनी लगेच ती वापरून न्यूयॉर्कच्या चाळींतल्या कोंदट खोल्यांचे फोटो काढले. त्यांचा बेयर्ड स्ट्रीटवरचा, पाच सेंट भाड्याने झोपणाऱ्या भाडेकरूंचा फोटो ‘द हॅच फॅमिली’च्या शेजारी ठेवून पाहावा. दोन्हीकडे खोलीत गर्दी आहे. एकाच शहरातली आहे. रंगवलेल्या चित्रांनी अशा खोल्या जवळपास टाळल्याच, कारण त्या विकत घेऊन भिंतीवर लावणारं कोणी नव्हतं.

‘ही तर डच चित्रकारांची नक्कल’

शिकले ते तिकडेच, हे खरं. जॉन्सन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आणि मग चार वर्षं हॉलंडमधल्या हेगमध्ये राहिले. तिथे त्यांना ‘अमेरिकन रेम्ब्रां’ म्हणत. बाजूने येणारा उजेड, तपकिरी सावली, दारातून दिसणारी दुसरी खोली, हे सगळं सतराव्या शतकातल्या हॉलंडचं. पण १८६३ सालची चूल आणि तिच्याशेजारी वाचणारा माणूस त्यांना हॉलंडमध्ये मिळाला नसता.

घर बाईने रंगवलं तर?

लिली मार्टिन स्पेन्सर (१८२२–१९०२) यांना १३ मुलं झाली, त्यातली ७ मोठी झाली. कुटुंब त्यांच्या ब्रशवर चालायचं, आणि पती बेंजामिन घरची आणि व्यवहाराची कामं बघत. त्या काळातल्या आदर्श घराच्या नेमकं उलट. तरी विकलं जाई ते आदर्श घरच, म्हणून त्यांनी ते रंगवलं. पण स्वयंपाकघर आतून माहीत असलेल्या माणसाने. ‘शेक हँड्स?’ (१८५४) मधली बाई पीठ लागलेला हात पुढे करून आपल्याकडे बघून हसते. ‘पीलिंग ओनियन्स’ मध्ये कांदा चिरणारी बाई मनगटाने डोळे पुसते, बोटांनी नाही, कारण बोटांना कांदा लागलेला आहे. असा बारकावा ऐकीव माहितीवर सुचत नाही.

त्यांचं ‘वॉर स्पिरिट ॲट होम’ (१८६६) मला सर्वांत धाडसी वाटतं. आई वर्तमानपत्रात यादवी युद्धातल्या व्हिक्सबर्गच्या विजयाची बातमी वाचतेय, मुलं डबे-भांडी वाजवत सैनिकांची मिरवणूक काढताहेत. आईचं लक्ष पेपरात आणि मांडीवरचं तान्हं घसरायला आलंय. वडील चित्रात नाहीत. घर ही युद्धापासून दूर, शांत जागा आहे, ही समजूत स्पेन्सर यांनी एका घसरत्या बाळाने मोडली.

मेरी कॅसॅट (१८४४–१९२६) पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकी. त्यांच्या ‘लिटिल गर्ल इन अ ब्लू आर्मचेअर’ (१८७८) मधली मुलगी खुर्चीत अस्ताव्यस्त पसरली आहे, कंटाळलेली. पाहुण्यांसाठी बसवलेलं मूल नाही. पार्श्वभूमीवर फ्रेंच चित्रकार एडगार देगा यांनीही हात फिरवला होता. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकी विभागाने ते नाकारलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ‘द टी’ मध्ये तर चांदीचा चहाचा संच माणसांइतकाच महत्त्वाचा झालाय आणि एका बाईचा चेहरा तिच्या कपानेच झाकलाय. चहाला आलेल्या पाहुणीशी बोलणं संपलेलं असतं, तो क्षण.

‘पण बरीचशी नुसती गोडगोड आहेत’

आहेतच. टॉमस होव्हेन्डन यांचं ‘ब्रेकिंग होम टाइज’ (१८९०) घ्या. शेतकऱ्याचा मुलगा घर सोडून निघालाय, आईने त्याच्या खांद्यांवर हात ठेवलेत. १८९३ च्या शिकागो जागतिक मेळ्यात ते लोकांचं सर्वांत लाडकं चित्र ठरलं. कारण समजायला कठीण नाही. बघणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतःच गाव सोडून शहरात आलेले होते.

त्याच मेळ्यात राजा रविवर्मा यांची १० चित्रं गेली होती आणि गौरवली गेली होती. त्यांत ‘देअर कम्स पापा’ हे घरगुती चित्र होतं: कडेवर मूल घेतलेली आई, चित्राबाहेरून येणाऱ्या वडिलांकडे बोट दाखवणारी. पुढच्याच वर्षी त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. तंत्र तेच, जे बोस्टनचे छापखानेवाले लुईस प्रँग हे ईस्टमन जॉन्सन यांची चित्रं छापायला वापरत: प्रत्येक रंगासाठी वेगळा चुनखडीचा दगड आणि एकाच कागदावर एकामागून एक छाप. एक दगड केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. गोडवा लोकप्रिय होता म्हणून छापला गेला आणि छापला गेला म्हणून आणखी पसरला, दोन्ही देशांत.

माणसांपेक्षा खोली मोठी झाली तेव्हा

जॉन सिंगर सार्जंट यांनी १८८२ मध्ये पॅरिसमधल्या एका अमेरिकी कुटुंबाच्या घरात ‘द डॉटर्स ऑफ एडवर्ड डार्ली बॉइट’ काढलं. जवळजवळ चौकोनी कॅनव्हास, प्रत्येक बाजू सव्वादोन मीटरच्या आसपास. चार बहिणी आहेत, पण एकमेकींशी कोणी बोलत नाही. धाकटी गालिच्यावर उजेडात, मोठ्या दोघी मागे अंधाराच्या तोंडाशी, आणि त्यांतली एक चेहरा वळवून भल्यामोठ्या जपानी फुलदाणीला टेकलेली. आईवडील नाहीत, मध्यभागी मोकळी जागा. हॅच कुटुंबात प्रत्येक कोपरा माणसांनी भरलेला होता, आणि दहा-अकरा वर्षांत घराचं चित्र इथवर आलं. तेव्हाच्या काही समीक्षकांना हे चित्र अर्धवट वाटलं. ते आणि चित्रातल्या दोन फुलदाण्या आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये एकत्र आहेत. बोस्टन भागातल्या मराठी मंडळींनी फुलदाणीशेजारी उभं राहून मुलींची उंची मोजून पाहावी.

स्क्रीनवर पाहताना

आधी चित्राची मापं वाचा. फोनवर ‘द लॉर्ड इज माय शेफर्ड’ आणि ‘द हॅच फॅमिली’ सारखेच दिसतात, प्रत्यक्षात दुसरं पहिल्याच्या जवळपास तिप्पट उंच आहे. मग ब्राइटनेस वाढवा आणि चारही कोपरे झूम करा, नोकर आणि खेळणी तिथे सापडतात. भिंतीवर टांगलेली चित्रं आणि पुतळे बघा, चित्रकार ते भरतीला ठेवत नाही. एकाच चित्राच्या दोन प्रतिमांत रंग वेगळे दिसले तर म्युझियमच्या स्वतःच्या पानावरची प्रतिमा धरा, आणि वॉर्निश साफ केल्याची नोंद तिथे आहे का ते पाहा. मेट्रोपॉलिटन, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि स्मिथसोनियन या तिन्ही ठिकाणी बहुतेक जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइल फुकट उतरवता येतात. ‘द बॅन्जो लेसन’ मात्र व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहात आहे, त्यामुळे ते या तिन्ही ठिकाणी शोधत बसू नका.